मातेची पछेडी आणि संगणकाचा आरसा

बडोद्याच्या बाजूस राहणाऱ्या मराठी कुटुंबांस ‘मातानी पछेडी’ हे नाव नवे नाही. गोमंतकातील किंवा हैदराबादेतील वाचकांस मात्र ते थोडे समजावून सांगावे लागेल. पछेडी म्हणजे देवीच्या पाठीमागे लावावयाचे वस्त्र; आणि तिच्या डोक्यावर छतासारखे ताणून बांधावयाचे ते ‘चंदरवो’, म्हणजे आपला चांदवा. तांबडा, काळा आणि कापडाचा मूळचा पांढरा, एवढ्या तीनच रंगांत ही वस्त्रे परंपरेने रंगविली जात आली. मध्ये देऊळ, देवळात देवी, आणि तिच्या भोवती भक्त, वादक, पशुपक्षी, झाडेझुडपे यांच्या रांगा. दुरून पाहिले तर एखाद्या मंदिराच्या भिंतीवरील शिल्पपट्टे कोणी कापडावर उतरविले आहेत असा भास होतो.

या वस्त्राविषयी आज लिहावयाचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत त्याची रूपे संगणकावर रचून व यंत्राने कापडावर उमटवून बाजारात येऊ लागली आहेत. साड्या झाल्या, उशांचे अभ्रे झाले, नवरात्रातील मंडपांचे पडदे झाले. त्यावर दोन प्रकारची मते ऐकू येतात. एका पक्षाचे म्हणणे, कला बुडाली. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, कला घरोघर पोहोचली. दोन्ही पक्ष आपापला निकाल कापड हाती न घेताच देऊन मोकळे झाले आहेत, असे माझे मत आहे. आणि म्हणून हा लेख.

प्रथम हे वस्त्र कोणाचे, ते सांगितले पाहिजे. गुजरातेतील देवीपूजक समाजाचे, ज्यास पूर्वी वाघरी म्हणत, ते हे पूजावस्त्र. अहमदाबादेतील ज्या घराण्यांनी ते रंगविले त्यांना ‘चितारा’ हे आडनाव त्या कामावरूनच पडले. परंपरा अशी सांगतात की, या लोकांस देवळात पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. तेव्हा त्यांनी कापडाचे देऊळ केले. मोकळ्या जागेत तीन बाजूंस पछेड्या लावल्या, वर चंदरवो बांधला, आत देवीची स्थापना केली, आणि नवस फेडला, भुव्याने देवीस बोलावले, आरती झाली. काम संपले की देऊळ घडी करून गाठोड्यात. ज्यांस एका गावी राहणे नशिबी नव्हते त्यांना हे देऊळ फार सोयीचेही होते. याच देवींपैकी बहुचरेचे आजचे दगडी मंदिर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बडोद्याच्या मानाजीराव गायकवाडांनी बांधविले. एकाच देवीस एकीकडे मराठी सरदाराने दगडाचे छत्र धरले आणि दुसरीकडे उंबरठ्याबाहेरच्यांनी कापडाचे, हा योगायोग आपण देवळांशी बांधलेल्या मंडळींनी विसरावा असा नाही.

१९६८ साली जोन एरिकसन यांचे या वस्त्रावरील इंग्रजी पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनने, प्रसिद्ध केले. तेव्हापासून नगरवासी रसिकांचे लक्ष या कापडाकडे वळत गेले. २०२३ मध्ये भानुभाई चितारा यांस पद्मश्री मिळाली. म्हणजे उंबरठ्याबाहेरचे वस्त्र आज संग्रहालयांत आणि राष्ट्रपतिभवनात पोहोचले आहे. हे योग्यच झाले. परंतु त्याचे काही परिणामही झाले, त्यांकडे पुढे येईनच.

आता हे वस्त्र तयार कसे होते ते सावकाश पाहू, कारण रूपाविषयीचा सारा वाद अखेर तेथे जाऊन पोहोचतो. कोरे सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून त्यातील खळ काढून टाकतात. मग ते हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवितात. कापडास फिकट पिवळट छटा येते, आणि हिरड्यातील तुरट द्रव्य तंतूंत जाऊन बसते. काळ्या रंगासाठी लोखंडाचा गंज आणि गूळ पाण्यात कित्येक दिवस आंबवीत ठेवतात, व ते पाणी चिंचोक्याच्या पिठाने दाट करतात. हिरड्याच्या कापडावर हे पाणी लागले की ते काळे पडते. हिरडा आणि हिराकस यांची शाई ज्यांनी लहानपणी पाहिली असेल त्यांस यात नवल वाटणार नाही. न्याय तोच आहे. या काळ्याने सर्व बाह्यरेषा घातल्या जातात, काही कलमेने, काही लाकडी ठशाने.

तांबड्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. तांबडा रंग कापडावर कोणी लावीतच नाही. जेथे तांबडे हवे तेथे फिटकरीचे दाट पाणी भरतात, आणि फिटकरीस स्वतःचा रंग नसतो. हात कोठवर फिरला एवढे कळावे म्हणून कारागीर तीत थोडा कच्चा रंग मिसळतो, तो पुढे धुऊन जातो. भरून झालेले कापड काही दिवस सुकू देतात, मग वाहत्या पाण्यात धुतात. पाणी वाहतेच हवे. साचलेल्या पाण्यात कापडावरून सुटलेली फिटकरी आजूबाजूच्या पांढऱ्यास चिकटते आणि पुढे तेथे तांबूस डाग उठतात. अहमदाबादेत हे धुणे साबरमतीच्या पात्रात होत आले. शेवटी अलिझरीन घातलेल्या पाण्यात कापड उकळतात. तेव्हा जेथे फिटकरी बसली आहे तेथे, आणि तेथेच, तांबडा रंग धरतो. मग उरलेली पिवळट झाक धुण्याने आणि उन्हाने काढीत काढीत पांढरा मोकळा करतात.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली ही की, पछेडीतील पांढरा रंग म्हणजे जेथे काहीच केले नाही ती जागा. तो शेवटी दिसतो, पण त्याची तजवीज पहिल्या दिवसापासून करावी लागते. दुसरी, काम करणाऱ्यास आपले चित्र शेवटच्या उकळीपर्यंत दिसतच नाही. समोर असते एक मळकट कापड, काळ्या रेषा आणि उडणाऱ्या रंगाचे धब्बे. चित्र सर्वस्वी मनात धरावे लागते. तिसरी, जेथे ठसा वापरला जातो तेथे ठशाची लाकडी शिस्त रचनेस लागू होते. ही तिसरी गोष्ट थोडी उलगडून सांगतो, कारण पुढचे मुख्य गाऱ्हाणे तिच्याशी निगडित आहे.

लाकडावर कोरताना चित्र उलटे कोरावे लागते, तेव्हा ते कापडावर सुलटे उमटते. म्हणजे ठसा कोरणाऱ्यास देवीचा उजवा हात कोणता हे प्रत्येक घावास आठवावे लागते. शिवाय ठसा फिरविता येतो, पालथा करता येत नाही. देवळाच्या डाव्या अंगास उभा राहून देवीकडे तोंड केलेला वादक एका ठशाचा. उजव्या अंगास उभा असलेला, त्याच्याकडे पाहणारा, तो दुसऱ्या ठशाचा. दोघांसाठी दोन लाकडे, दोनदा कोरणी. आणि दुसऱ्यांदा कोरताना कारागीर आपसूक विचार करतो: हा ढोलकीवाला आहे, तर याची काठी कोणत्या हाती द्यावी? जुन्या कापडांत समोरासमोरच्या रांगा वरवर सारख्या वाटतात. पण जवळ जाऊन पाहिले तर समतोल असूनही एक बाजू दुसरीची तंतोतंत सावली नसते. त्या रांगा जिवंत वाटतात, याचे एक कारण हे असावे.

तीन वर्षांपूर्वी नवरात्रात एका वसाहतीच्या मंडपात मी गेलो होतो. देवीच्या मागे छताइतका उंच पडदा होता, पछेडीच्या धर्तीचा, तांबडा-काळा, पाहताच नजर ठरेल असा. मांडणी नेटकी, रेषा स्वच्छ. मध्ये मोठी देवी, आणि दोन्ही बाजूंस चौकटींत लहान देवी, प्रत्येकीचे वाहन तिच्यासह. आरती संपेपर्यंत मी तो पाहत होतो आणि काहीतरी खटकत होते. काय ते कळेना. मग कळले. उजव्या बाजूच्या सर्व देवी डावखुऱ्या होत्या. खड्ग डाव्या हाती, आणि अभय देणारा हातही डावा. रचना करणाऱ्याने पडद्याचा अर्धा भाग रेखाटला होता आणि उरलेला अर्धा संगणकाकडून आरशात पाहिल्यासारखा उलटून घेतला होता. एका कळीचे काम! शेजारी बसलेल्या वृद्ध बाईंस मी ते दाखविले तेव्हा त्यांनी एकच वाक्य म्हटले: “अगो बाई, डाव्या हाताने कुणी आशीर्वाद देतं का?” समीक्षेच्या अंगाने याहून नेमके बोलणे मला साधणार नाही.

त्या पडद्यातील दोष यंत्राने केला असे मी म्हणत नाही. यंत्राने उलटून दिले ते रचनाकाराने मागितले म्हणून. परंतु लाकडास जे परवडत नव्हते ते पडद्यावर फुकट झाले, आणि जेथे श्रम फुकट होतात तेथे विचारही सुटतो. ठशाच्या कामात उलटापालट करावयाची तर नवे लाकूड कोरावे लागे, म्हणून डावे-उजवे हा प्रश्न चुकवून पुढे जाताच येत नसे. संगणकावर तो प्रश्न पडतच नाही. तो मुद्दाम पाडून घ्यावा लागतो. संगणकावर वस्त्रांचे आराखडे करण्याचे शिक्षण देताना ही एक गोष्ट जरी शिकविली गेली तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

दुसरा दोष त्याच कुळातला आहे. कापडाच्या बाजारास हवी असते आवर्तने, म्हणजे एक नक्षी ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा उमटणारी, की कापड कोठूनही कापावे. बाग, सांगानेर येथील ठशांच्या छपाईत हे आवर्तन स्वाभाविकच आहे. बुट्टी किंवा वेल कोठेही तोडली तरी तिचे काही बिघडत नाही. पछेडी ही तशी वस्तूच नव्हे. तिला मध्य आहे, वर आहे, खाली आहे. ती देवळाचा आराखडा आहे, आणि देऊळ वारांवर मापून कोणी विकीत नाही. तरी पछेडीतील देवी उचलून तिचे आवर्तन केलेले कापड मी अनेकदा पाहिले आहे. शिंपी जेव्हा त्यातून झगा बेततो तेव्हा खांद्याच्या शिवणीत मेलडीचे मस्तक जाते आणि तिचा बोकड खालच्या काठात अर्धा राहतो. एका उशीच्या अभ्र्यावर खोडियार होती, मगरीसह, बसणाऱ्याच्या पाठीखाली. येथे भाविकपणाचा राग धरून बोलावे असे मला वाटत नाही. ज्याचा विश्वास नाही त्यानेही हे रचनेच्या दृष्टीने पाहावे. जे चित्र समोरून, खालून, हात जोडून पाहण्यासाठी रचले आहे ते पाठीखाली घातले की त्यातील प्रत्येक प्रमाण निरर्थक होते. देवीचे मोठे डोळे मोठे का, भक्त लहान का, याचा अर्थच नाहीसा होतो.

इतके बोलून झाल्यावर हाताच्या पक्षाकडूनही काही विचारले पाहिजे, नाहीतर न्याय एकतर्फी होईल. ‘नैसर्गिक रंग, पूर्वापार पद्धती’ असे शब्द पछेडीच्या विक्रीत सर्रास वापरले जातात. परंतु ज्या तांबड्याने ही कापडे ओळखली जातात ते अलिझरीन आज कारखान्यातून येते. जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमन यांनी १८६८ मध्ये ते कृत्रिम रीतीने सिद्ध केले, आणि पुढील काही दशकांत आलच्या मुळ्या आणि मंजिष्ठा यांची शेती-व्यापार बसले. माळव्याच्या बाजूस आलची शेती होती, हे आज इंदूरच्या वाचकांसही आठवत नसेल. म्हणजे यंत्रयुग या कापडात शतकाहून अधिक काळ आधीच शिरलेले आहे. तरी त्या बदलाने पछेडीची रचना बिघडली असे कोणी म्हणत नाही. का बिघडली नाही? कारण अलिझरीन बाटलीतून आले तरी फिटकरी लावणे, थांबणे, वाहत्या पाण्यात धुणे, उकळणे हा क्रम तसाच राहिला, आणि रचना त्या क्रमातून निघते. बडोद्याच्या कलाभवनात १८९० पासून रंगविद्या शिकविली गेली तीही नव्या रसायनांसहच. नवेपणाचा तेथे कोणास विटाळ नव्हता.

आणि ठशाचे काय? जुन्या पछेड्यांत पुष्कळ भाग ठशांनी छापलेला असे; कलमेने मोकळ्या जागा भरीत. नवस बोललेल्या गरीब कुटुंबास परवडेल अशा किमतीत वस्त्र तयार व्हावे, म्हणून ठसा. संग्राहकांचे लक्ष वळल्यावर मागणी आली ती चित्राची, एकमेव प्रतीची, चित्रकाराच्या सहीची. तेव्हा कलम वर चढली आणि ठसा मागे पडला. आजच्या उत्तम पछेड्या बारीक कलमकामाच्या आहेत, एकेकीस आठवडे आणि महिनेही लागतात, आणि त्यांतील काही खरोखरच थक्क करणाऱ्या आहेत. पण ज्यांनी हे देऊळ कापडाचे केले त्यांच्या घरी ती जाणे कठीण. आंध्रातही याला समांतर जोडी आहे: श्रीकालहस्तीची कलमेने काढलेली देवळातील पटचित्रे, आणि मच्छलीपट्टणची ठशांची छपाई. तेथे दोन गावांनी दोन कामे वाटून घेतली, म्हणून ठसा टिकला. अहमदाबादेत दोन्ही एकाच कापडावर होती; त्यांतील एक दुसरीस खाऊन मोठी झाली.

म्हणून एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि हाताचे कैवारी तो टाळतात असे दिसते. ज्या कुटुंबास नवस फेडावयाचा आहे, ज्याच्याजवळ चित्रकाराच्या वस्त्राइतके पैसे नाहीत, त्याने यंत्रावर छापलेली पछेडी घेतली तर त्यात काय वाईट? माझे उत्तर असे की, काहीच वाईट नाही. देवीपुढे ते वस्त्र तितकेच खरे आहे. कदाचित ठशाच्या मूळ कामाचा, म्हणजे अनेकांस थोड्या मोलात देऊळ मिळवून देण्याचा, वारसा यंत्राकडेच जावा. पण मग ते वस्त्र रचणाऱ्याने देऊळ रचले पाहिजे, त्याचा नुसता रंगढंग उचलून चालणार नाही. आरशाचा पडदा ज्या मंडपात होता तेथे नेमके हेच झाले नव्हते.

यंत्राची छपाई होते कशी, हेही थोडक्यात. सुती कापडास आधी सोडा, युरिया आणि दाट करणारे द्रव्य लावून तयार करतात. त्यावर सूक्ष्म थेंबांनी शाई उडविली जाते. मग वाफ, मग धुणे. स्वस्त मालात कापड पॉलिएस्टरचे असते, आणि कागदावरील छाप सुमारे दोनशे अंशांच्या उष्णतेने त्यावर उतरवितात. थेंबांची शाई बहुधा वरच्या अंगास राहते, मागे कापड फिके. उकळून रंगविलेल्या पछेडीत रंग तंतूच्या आतवर गेलेला असतो. हा भेद संग्राहकाच्या चिकित्सेपुरता नाही. कापडाचे देऊळ मोकळ्यावर उभे राहते, लोक त्याच्या मागूनही जातात, सकाळी ऊन पाठीमागून येते. तेव्हा आतून दिसणारे चित्र आणि बाहेरून दिसणारी त्याची सावली ही दोन्ही त्या देवळाच्या भिंती असतात. एका अंगाने रंगलेल्या कापडास एकच भिंत असते.

खोटेपणाविषयी मात्र मला क्षमा करावीशी वाटत नाही. हल्ली यंत्राच्या कापडावर हाताच्या चुका मुद्दाम छापल्या जातात: रेषेबाहेर गेलेला तांबडा, दोन ठशांच्या सांध्यातील फट, फुटलेली बिंदुरेषा. ग्राहकास ‘हातचे’ वाटावे म्हणून. पारख सोपी आहे. ती चूक जेथे दिसली तेथून कापड पुढे पुढे उलगडीत जावे. तितक्याच अंतरावर तीच चूक, त्याच आकाराची, पुन्हा भेटते. माणूस इतका नियमाने चुकत नाही. कायदा येथे फारसा उपयोगी पडत नाही. १९९९ चा भौगोलिक मानांकनाचा कायदा, जो २००३ मध्ये अमलात आला, तो नावाचे रक्षण करतो. बागच्या छपाईचे नाव भलत्याने घेतले तर त्यास अडविता येते. नाव न घेता नुसते रूप उचलणाऱ्यास तो अडवीत नाही. तेव्हा ही पारख विकत घेणाऱ्याच्या डोळ्यावरच येऊन पडते, आणि त्यात देवळांच्या व्यवस्थापकांचा डोळाही आला. मखराच्या मागे, पालखीच्या वर, सभामंडपाच्या छताखाली जे कापड लागते ते आता अनेक ठिकाणी छापील येते, आणि ते कोणी निवडले, त्यावर देवता कशी बसली आहे, वाहन कोणाचे आहे, हे पाहणारा मनुष्य समितीत असतोच असे नाही. दरपत्रक पाहणारा मात्र असतो.

संगणकाचा चांगला उपयोग होऊ शकतो, तो कोठे? एक तर, जुन्या कापडांची नोंद. जीर्ण पछेडीचे स्वच्छ छायाचित्र घेऊन तिचे काळे, तांबडे आणि पांढरे तीन थर वेगळे करून ठेवले तर पुढच्या पिढीस तिचा क्रम वाचता येईल. छायाचित्र रंग दाखविते. थर दाखविले की काम दिसते. दुसरे, ठशांचे पुनरुज्जीवन. काही ठिकाणी ठसे आता संगणकाच्या आराखड्यावरून यंत्राने कोरतात. फिरत्या पात्याने कोरलेला आतला कोपरा गोलच राहतो, तो छिन्नीने साफ करावा लागतो. म्हणजे कोरणारा लागतोच, पण त्याचे खडे काम हलके होते. दोन बाजूंच्या दोन ठशांचा खर्च त्याने उतरत असेल तर ठसा पछेडीत परत येण्यास वाट आहे. तिसरे, आणि मला सर्वांत आवडणारे: आराखड्याची तालीम. ज्या तरुणास पछेडीची रचना शिकावयाची आहे त्याने संगणकावर ती काळ्या रेषेपासून बांधावी, तांबड्याच्या जागा केवळ फिक्या खुणेने भराव्या, आणि शेवटपर्यंत तांबडा रंग दाखवू नये. पडदा शेवट पहिल्या क्षणी दाखवितो. हे त्याचे सामर्थ्य आणि हीच त्याची खोड. ती खोड काही वेळ बंद ठेवली तर यंत्रही उकळीची वाट पाहावयास शिकवील.

या तिसऱ्या उपयोगावर एका कलाशिक्षकाने मजजवळ आक्षेप घेतला की, असे करणे म्हणजे मोटारीस बैल जुंपणे. मला तसे वाटत नाही. गवयाने तंबोऱ्याच्या जागी विजेची पेटी घेतली तरी तो स्वर लागण्याची वाट पाहतोच. पण आक्षेप ऐकून ठेवण्याजोगा आहे, कारण ज्याने एकदाही फिटकरीचे कापड उकळताना पाहिले नाही त्यास ही तालीम खेळ वाटेल. तेव्हा आधी ते पाहावे. पाणी तापू लागते, कापड काठीने वर-खाली करीत राहतात, पहिला काही वेळ काहीच घडत नाही. मग ज्या जागा आतापर्यंत रिकाम्या वाटत होत्या त्यांवर गुलाबी छटा येते, ती दाट होत जाते, आणि देवीचे लुगडे, मगरीचे अंग, देवळाचे खांब, मुळात जसे मनात होते तसे, एकामागून एक वर येतात. काठी धरणारा तेव्हा क्वचितच कापडाकडे पाहतो. त्याचे लक्ष जाळाकडे असते.